गावी गेलेली आजी

क्षिप्रा लेकीचा, संचिताचा हात धरून मोहने गावातल्या सासरच्या घरात शिरली आणि आतली बोलणी गपकन थांबली. तिचे थोरले दीर साईनाथ भिंतीपाशी उभे होते. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पाटावर मांडलेल्या फोटोवर टाकला. फोटोचा झेंडूचा हार टॉवेलखालून दोन्हीकडे लोंबत राहिला. झाकायचंच तर माणसाने नीट झाकावं, पण साईनाथांना आयुष्यात एकही गोष्ट धड झाकता आली नव्हती. ती विद्या या घरात फक्त तिच्या सासऱ्यांना, आप्पांना अवगत होती.

नऊ वर्षांच्या संचिताने टॉवेलकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं. मग चपला काढून भिंतीला लावल्या आणि कुणाला काही न विचारता आतल्या खोलीत जाऊन बसली.

“तिला डोंबिवलीला सोडायचं ठरलेलं ना?” क्षिप्राचा नवरा ऋतुराज दात आवळून म्हणाला. श्राद्धासाठी तो पहाटेच इथे आला होता आणि अजून धोतरातच होता.

“ठरवलं तुम्ही लोकांनी. मी फक्त ऐकून घेतलं.”

“अगं, तुझी आई तिकडे वाट बघत बसली असेल.”

“तिला फोन केलाय मी.”

दुर्गाडीचा पूल ओलांडल्यावर गाडी डोंबिवलीकडे वळवायची, संचिताला आईच्या, उत्तराबाईंच्या ताब्यात द्यायचं आणि एकटीने मोहन्याला यायचं, असा बेत होता. क्षिप्राने गाडी वळवलीच नाही. शहाड येईपर्यंत पोरीला सगळं सांगून टाकू, असं कोलशेतच्या घरून निघताना तिने मनाशी घोकलं होतं. शहाड आलं आणि मागे पडलं. क्षिप्राने तेवढ्या वेळात पोरीला तीनदा विचारलं, एसी कमी करू का. तिला स्वतःचीच चीड आली.

सांगायचं होतं ते एका वाक्याचं होतं. आजी मेली. गेल्या वर्षी संचिता मेंदूज्वराने ठाण्याच्या दवाखान्यात पडली, घशात नळी, हात पलंगाला बांधलेले, आणि ज्या दिवशी तिने डोळे उघडले त्याच दिवशी इकडे मोहन्याला गंगुबाई गेली. इतक्यात पोरीला धक्का नको, काही आठवडे जाऊ देत, असं डॉक्टर म्हणाले होते. आप्पांनी लगेच तोडगा काढला, की आजी गावी, ओतूरला गेली म्हणून सांगा. मग आठवड्यांचे महिने झाले. डॉक्टरांचा सल्ला ज्याने त्याने आपल्या सोयीने ताणला आणि आज वर्षश्राद्धाचा दिवस उजाडला तरी आजी ओतूरलाच होती.

घरी परत आलेली पोरगी वेगळीच होती. आधीची संचिता लिफ्टमध्ये भेटेल त्या माणसाला पकडून गोष्टी सांगायची. आताची संचिता मायक्रोवेव्ह वाजला तरी कानांवर हात ठेवून टेबलाखाली शिरायची. रात्री अंथरूण ओलं व्हायचं. शाळेत तिने वह्या फाडल्या, एका मुलीच्या दंडाचा चावा घेतला. डबा तसाच परत यायचा. कधी पलंगामागे चपात्या सापडायच्या, त्यांना मुंग्या लागलेल्या. नातेवाईकांनी आपापली निदानं केली. कुणी म्हणालं मेंदूवर परिणाम झालाय, कुणी म्हणालं लाडाने बिघडलीय. वागळे इस्टेटजवळच्या ज्या समुपदेशक बाईंकडे ते दोनदा गेले, त्या एवढंच म्हणाल्या, “ताप गेला म्हणजे आजार गेला असं नसतं. दवाखान्याची भीती तिच्या अंगात आहे, ती हळूहळू जाईल. पण त्याशिवायही काहीतरी तिच्या मनात घट्ट बसलंय. घरात तिच्यापासून जे लपवलंय ते आधी सांगून टाका. त्याशिवाय ती माझ्याशीही बोलणार नाही.” ऋतुराजने बाईंसमोर मान डोलावली. पार्किंगपर्यंत येईस्तोवर ती मान फिरली होती. “आप्पा म्हणतात वर्ष होऊ दे,” तो म्हणाला. पुढच्या वेळी जायचं त्याने टाळलंच.

क्षिप्रा स्वयंपाकघरात गेली. तिची थोरली जाऊ वनिता वडे तळत होती. तिने मान वर केली नाही.

“आलीस? ते पीठ घे, थापायला लाग. फोटो आज वर्षाने कपाटातून बाहेर काढलेला. तुझी पोरगी आली, झाकला परत.”

“वनिताताई, मी तिला मुद्दाम आणलंय. आज सांगायचंय तिला.”

“आज सुचलं तुला.” वनिताने झारा कढईच्या काठावर आपटला. “माझ्या घरात माझ्या सासूचा फोटो मी साड्यांच्या मागे ठेवलाय वर्षभर. का, तर तुमची राजकन्या दिवाळीला येणार, गणपतीला येणार. कोण गेलं नि कोण राहिलं, रडायची सोय नाही. शेजारीण विचारते, वहिनी, सासूचा फोटो लावला नाहीत का? काय सांगू तिला?”

“मला मान्य आहे.”

“तुला काय मान्य आहे गं? तुला माहीत तरी आहे का ती कशी गेली?”

क्षिप्राचे हात पिठात थांबले. हार्ट अटॅक, असं ऋतुराजने तिला सांगितलं होतं.

“अटॅक म्हणे.” वनिता कडवट हसली. “पोरगी डोळे उघडेपर्यंत घासाला शिवणार नाही, असं बोललेली म्हातारी. देवापुढे बसून. साखरेची बाई ती. जेवत नाही तर गोळ्या कशाला, म्हणून त्या मोरीत टाकायची. मी हातापाया पडले. ह्यांना फोन केले, भाऊजींना केले. भाऊजी म्हणायचे, वहिनी आता नको, आत डॉक्टर आलेत. आप्पा म्हणाले, तिच्या नवसात तू पडू नकोस. सगळं खानदान ठाण्याला आणि मी इथे एकटी, तोंडाला फेस येईपर्यंत बघत बसलेली. आणि दहाव्याला लोक आले ते काय म्हणाले? पुण्यवान बाई, नातीला आयुष्य देऊन गेली. माझं कोणी ऐकलं नाही. मग मीही कानाला खडा लावला.”

या बाईने वर्षभर आपल्याशी जे तुसडेपण केलं, ते क्षिप्राला एकदम न्याय्य वाटायला लागलं. आणि ऋतुराजचा संताप आला, असा की त्याच्या अंगावर ते पीठ फेकावं.

बाहेरून आप्पांची हाक आली. पोपटराव म्हणजे आप्पा, मोहन्याच्या कारखान्यात उभी हयात घालवलेला माणूस. घरातही सगळ्यांनी पाळीवर यावं तसं आपल्या आवाजावर यावं, अशी त्यांची अपेक्षा असायची. त्यांच्याजवळ त्यांची बहीण हौसाबाई भिंतीला टेकून बसली होती. ती या दिवसासाठी ओतूरहून आली होती.

“झालं ते झालं,” आप्पा म्हणाले. “पोरीनं फोटो बघितलाय. आता टॉवेल काढा. टॉवेलनं जास्त दिसतं. तिला सांगायचं, हा आजीच्या थोरल्या बहिणीचा फोटो. दोघी सारख्या दिसायच्या.”

“हां, व्हतीच की गंगूला बहीण,” हौसाबाई म्हणाली.

“ती तर काळी होती,” साईनाथ म्हणाले.

“फोटोत कुठं कळतंय.”

“आप्पा,” क्षिप्रा म्हणाली, “मी तिला खरं सांगणार आहे. आत्ताच.”

“या घरात नाही. माझ्या बायकोच्या दिवशी नाही.” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “ऐक. ती पोर येते तेव्हा मला विचारते, आजी कधी येणार. जगात तेवढं एकच माणूस राहिलंय, जे गंगूला अजून जिवंत धरतं. मला बरं वाटतं ते. मी सांगतो, येईल गं, पेरणी झाली की येईल. तेवढं सांगताना मलाही खरं वाटतं. तुझ्या त्या डॉक्टरीण बाईला काय कळणार.”

म्हातारा रडला असता तर क्षिप्राने कदाचित मन घट्ट केलं असतं. तो रडला नाही, धोतराचा सोगा नुसता नीट करत बसला. तिने ऋतुराजकडे पाहिलं. ऋतुराजने जमिनीकडे.

“जेवणं झाली की सांगेन,” ती म्हणाली. “मग मला कोणी अडवायचं नाही.”

“जेवणं होऊ दे,” आप्पा म्हणाले. झाकली मूठ आणखी एका पंगतीपुरती झाकलेली राहिली, यातच त्यांचं समाधान होतं.

आतल्या खोलीत संचिता पलंगाच्या कडेला बसून दंडाची कातडी चिमटीत धरून पिळत होती. ऋतुराज तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने ती बहिणीची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली. बहिणीचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. ऋतुराजला खोटं बोलताना नेहमीच तपशील सुचायचे.

संचिताने त्याचं ऐकून घेतलं आणि दारात उभ्या आईकडे पाहिलं. “आई, खरं?”

तासाभराचा तर प्रश्न आहे, क्षिप्राला वाटलं. पान वाढलेलं आहे, माणसं खोळंबलीत, म्हातारा बाहेर बसलाय. तासाभराने आपणच हे सगळं दुरुस्त करू. “हो,” ती म्हणाली.

“बरं,” संचिता म्हणाली.

पंगत बाहेरच्या खोलीत बसली. भिंतीला आप्पा, साईनाथ, ऋतुराज, समोर हौसाबाई आणि तिच्या शेजारी संचिता. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, अळूवडी, गंगुबाईला आवडायचं ते सगळं होतं. वनिता आणि क्षिप्रा वाढत होत्या. फोटोवरचा टॉवेल निघाला होता. बहीण बनलेली गंगुबाई पाटावरून सगळ्यांकडे बघत होती.

क्षिप्राचं लक्ष पोरीच्या हातांकडे होतं. संचिता वड्याचा तुकडा मोडायची, तोंडापर्यंत न्यायची, मग हात खाली जायचा. खीर तिने हलवून वाटीच्या कडेला चढवली, खाल्ल्यासारखी दिसावी म्हणून. बघणाऱ्याला वाटावं पोरगी छान जेवतेय. इतकी सफाई एका दिवसात येत नाही, हे क्षिप्राच्या लक्षात आलं.

हौसाबाईनेही पाहिलं. “आगं, खिशात काय घालतीस?” तिने संचिताचं मनगट धरलं आणि फ्रॉकच्या खिशातून दोन वडे काढले. “आवं बघा, सराद्धाचं अन्न खिशात कोंबतीय.”

“संचिता,” आप्पा कडाडले, “अन्नाचा अपमान करायचा नाही. खा ते.”

“नको.”

“खा म्हणतो ना.”

“भूक नाही मला.”

“हेच रोज चाललंय आमच्याकडे,” ऋतुराज म्हणाला. सगळ्यांसमोर त्याला लाज वाटत होती आणि लाज वाटली की तो बाप म्हणून एकदम जागा व्हायचा. तो पानावरून उठला, संचिताजवळ आला, वड्याचा तुकडा खिरीत बुडवून त्याने तिच्या ओठांशी नेला. “आ कर. नाटकं बंद. आ कर म्हणतो ना.”

संचिताने त्याच्या अंगठ्याचा कडकडून चावा घेतला. ऋतुराज ओरडला आणि त्याचा दुसरा हात वर गेला. क्षिप्राने तो मधेच पकडला. भाजीचं पातेलं तिच्या हातातून पडलं.

“बघा, बघा हिची लक्षणं,” साईनाथ म्हणाले. “आजारातून उठलीय म्हणून किती दिवस ऐकून घ्यायचं? एक ठेवून दिली की सरळ होईल.”

“मी जेवणार नाही,” संचिता म्हणाली. ती रडत नव्हती. “आजीने सोडलेलं तसं मी सोडलंय. तिने सोडलं म्हणून मी उठले. आता मी सोडलं की ती उठणार.”

ऋतुराजचा वर गेलेला हात खाली आला.

“कोण बोललं तुला असं?” क्षिप्राने विचारलं.

“हौसाआजी. दवाखान्यात. माझ्या कपाळाला अंगारा लावताना ती बाबाला सांगत होती, गंगूनं अन्न सोडलं, जीव दिला आणि पोरगी उठली. तुम्हाला वाटलं मी झोपलेय.” संचिता खाली बघून बोलत होती. “पण मला जमत नाही. भूक लागते मग मी थोडं खाते. खाल्लं की सगळं फुकट जातं. परत पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून मला राग येतो.”

मेलेली आजी संचिता वर्षभर एकटीच मनात वागवत होती. ओतूरच्या गप्पा आप्पा सांगायचे आणि पोरगी, त्यांना वाईट वाटू नये म्हणून, विचारायची की आजी कधी येणार. वह्या का फाटल्या, चावे का घेतले, दंडावर काळेनिळे डाग कशाचे, सगळ्याचं उत्तर त्या एका वाक्यात होतं आणि ते वाक्य पोरीच्या उशाशी बसून मोठ्या माणसांनीच म्हटलं होतं.

आणि मग जे झालं त्याची क्षिप्राने कल्पनाही केली नव्हती. हौसाबाईने पदर डोळ्यांना लावला आणि संचिताच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. “माझी बाय गं ती. बघ रे पोपटा, गंगूचंच रगत हाय. एवढीशी पोर आन् आजीसाठी उपास धरती. असलं कुणाच्या पोटी येतंय रं?”

“देवमाणूस आहे पोरगी,” साईनाथ घोगऱ्या आवाजात म्हणाले. आत्ता एक ठेवून द्यायला निघालेले तेच.

आप्पा रडत होते. वर्षभरात त्यांना कुणी रडताना पाहिलं नव्हतं. “आम्ही तुला हट्टी म्हणलो,” ते म्हणाले, “आम्हाला कळलंच नाही गं तू काय धरलंयस ते.” ऋतुराजने अंगठा धोतरात गुंडाळला आणि मुलीकडे असं पाहिलं, की जणू तिने बक्षीस आणलंय. संचिता एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. घरी आल्यापासून तिच्याकडे कुणी अशा नजरेने पाहिलं नव्हतं. तिची पाठ हळूहळू ताठ झाली, आणि ते पाहून क्षिप्रा घाबरली.

“बास करा,” वनिता म्हणाली. ती वाढायचा डाव हातात धरून मधोमध उभी होती. “एक म्हातारी घालवलीत पुण्यवान पुण्यवान करून. आता ही पण घालवायचीय का?”

“वनिता, तोंड सांभाळ,” आप्पा म्हणाले.

“खूप सांभाळलं.” ती संचितासमोर खाली बसली. तिला लाडात बोलता येत नव्हतं, ती आपल्या नेहमीच्या खरखरीत आवाजातच बोलली. “ऐक गं. मी होते तिच्याजवळ, ह्यांच्यातलं कोणी नव्हतं. तू औषधाने उठलीस. तुझी आजी तुझ्यामुळे मेली नाही. तिला साखर होती, तिने जेवण आणि गोळ्या सोडल्या म्हणून मेली. हट्ट केला तिने. तू उपाशी राहिलीस तर ती येणार नाही, फक्त तू जाशील.”

“बाहेर हो,” आप्पा उठत म्हणाले. “माझ्या बायकोच्या नवसाला हट्ट म्हणतेस? आज? तिच्या फोटोसमोर? साईनाथ, हिला आत ने.”

“फोटो कुणाचा आहे म्हणालात?” वनिताने विचारलं. साईनाथांनी तिचा दंड धरला आणि तिला स्वयंपाकघरात नेलं. ती गेली, कारण तिला याच घरात राहायचं होतं.

“काकीला तुझ्या आजीचं कवाच बघवलं नाय,” हौसाबाई संचिताच्या कानाशी म्हणाली. “तू नको मनाला लावून घेऊ.”

आता उरली होती क्षिप्रा. ती सांडलेल्या भाजीतच गुडघे टेकून बसली आणि तिने पोरीचे दोन्ही हात धरले. “संचिता, काकी सांगते ते खरं आहे. आजी वारली. ती परत येत नाही, कुणीच येत नाही. तू काही केलं नाहीस आणि तुला काही करायचंही नाहीये. तू फक्त जेवायचं.”

संचिताने हात सोडवून घेतले नाहीत. तिने आईकडे नीट, विचार करत पाहिलं.

“मघाशी तू म्हणालीस हा आजीच्या बहिणीचा फोटो.”

“ते खोटं होतं.”

“आणि आजी ओतूरला आहे म्हणायचीस.”

“तेही खोटं होतं. बाळा, तेव्हा आम्हाला वाटलं...”

“मी विचारलं होतं, आई, खरं? तू हो म्हणालीस.”

“हो. चुकलं माझं. पण हे खरं आहे.”

संचिताच्या आवाजात राग नव्हता. शाळेतल्या लहान मुलीला समजवावं तसं ती म्हणाली, “ते पण तू असंच म्हणाली होतीस.”

तिने ताट हळूच पुढे सरकवलं, काही सांडू न देता. मग ती हौसाबाईला टेकून बसली आणि हौसाबाईने तिच्या खांद्यावर पदर घातला. क्षिप्राने वड्याचा एक तुकडा मोडून तिच्यापुढे धरला. संचिताने मान हलवून नको म्हटलं, अगदी शहाण्या मुलीसारखं, आणि आप्पांनी मायेने तिच्या डोक्यावर हात ठेवला.